रोखून ठेवा

मोलॉय, १ मार्च २०२३

तिरिल,

हे पत्र हाताने लिहिते आहे. कागद पाकिटात घालून चिकटवला, तरी पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जाईपर्यंत तो माझाच असतो. तुमच्या ईमेलबद्दल आता तसं म्हणता येत नाही.

शुक्रवारी रात्री तुमच्या कंपनीच्या ईमेलची नवी आवृत्ती आपसूक येऊन बसली. सोमवारी ऑफिसात गेले तर सगळं पांढरंफटक, दवाखान्याच्या भिंतीसारखं. तेही चाललं असतं. पण ‘पाठवा’च्या शेजारचं ‘रोखून ठेवा’ कुठे गेलं? वर शोधलं, खाली शोधलं, तीन आडव्या रेघांवर दाबलं, तीन ठिपक्यांवर दाबलं. रेघांमागे ठिपके निघाले आणि ठिपक्यांमागे तुमच्या डायरेक्टरचा हसरा फोटो.

चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तू महिनाभर माझ्याकडे होतीस, तेव्हा ते तूच चालू करून दिलं होतंस. “मावशी, आता ‘पाठवा’ दाबलंस तरी पत्र लगेच जाणार नाही. बाजूच्या कप्प्यात बसून राहील. तू वेळ ठरवून दिलीस तर त्या वेळी सुटेल, नाहीतर तू सोडशील तेव्हा.” त्या दिवसापासून मी ते कधी बंद केलं नाही. कर्मचारी विभागात निम्मं काम लिहिण्याचं असतं आणि निम्मं थांबण्याचं. जाळ्यांच्या कारखान्यात एकशे दहा माणसं आहेत; कोणाला काय कधी कळावं, हे बघण्यातच माझी एकतीस वर्षं गेली.

तुमच्या मदतीच्या फोनवर एक गृहस्थ भेटले. म्हणाले, “नवी मांडणी अधिक मोकळी आहे.” मी म्हटलं, “मोकळं तर मैदानही असतं. तिथे मी ऑफिस थाटत नाही.” ते हसले आणि त्यांनी माझी तक्रार लिहून घेतली म्हणे.

सोमवारी एक पत्र जायला नको तेव्हा गेलं. फार काही बिघडलं नाही. पण ते बटण परत आणा. तू तिथे आहेस, म्हणून तुला सांगते.

तुझी मावशी,
गुन्व्होर


ट्रॉन्डहाइम, ६ मार्च

प्रिय मावशी,

‘रोखून ठेवा’ चुकून गेलेलं नाही, काढलेलं आहे. कुठलं बटण किती वेळा दाबलं जातं, हे आम्ही मोजतो. हे जवळजवळ कोणीच दाबत नव्हतं. पडद्यावर जागा मर्यादित असते, आणि प्रत्येक जास्तीच्या बटणामुळे नवा माणूस गोंधळतो. निर्णय कंपनीचा आहे.

तू एकटी नाहीस. आठवडाभरात दोन हजार एकशे चाळीस तक्रारी आल्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या ऑफिसांतून. बर्गनच्या एका वकिलांच्या ऑफिसातून तडजोडीचं पत्र विरुद्ध बाजूला आधी गेलं आणि स्वतःच्या अशिलाला नंतर. एका चर्चच्या ऑफिसातून अंत्यविधीची वेळ छापखान्याला पोचली, तेव्हा घरच्यांनी ती अजून ठरवलीही नव्हती. लोक संतापले आहेत. तरी बटण या वर्षी परत येईल असं मला वाटत नाही, आणि येणार नसताना येईल असं मी तुला सांगणार नाही.

तोपर्यंत एवढं कर. पत्र लिहिताना ‘प्रति’ची जागा रिकामी ठेव. नाव सगळ्यात शेवटी, पाठवायच्या क्षणी घाल. हा उपाय कुरूप आहे, पण खात्रीचा.

कुठलं पत्र आधी गेलं? आणि कोणाला?

तिरिल


मोलॉय, १० मार्च

तिरिल,

ओडलाइव्हला.

तू त्याला ओळखतेस. आमच्या वरच्या मजल्यावर जाळी दुरुस्त करतात, तिथला मुख्य. तू पाच वर्षांची असताना त्याच्या जाळ्यांच्या ढिगावर झोपायचीस. माझ्या घरापासून तिसरं घर त्याचं. माझा हॅराल्ड वारल्यापासून दर ऑक्टोबरला माझी होडी पाण्याबाहेर तोच काढतो, आणि पैशांचं नाव काढलं तर रागावतो.

जानेवारीत ठरलं, की दुरुस्तीचं काम लिथुएनियाला द्यायचं. वरच्या मजल्यावरची चार माणसं जास्तीची झाली. नियम तुला माहीतच आहे: माणसाला नोकरीवरून काढायचं, तर आधी त्याच्याशी बसून बोलायचं, त्याचं ऐकायचं, आणि मग निर्णय. ओडलाइव्हची बैठक मंगळवारी, २८ फेब्रुवारीला दुपारी दोनला होती. नोकरी संपल्याचं पत्र त्याला सोमवारी सकाळी नऊ वीसला मिळालं.

मी ‘पाठवा’ दाबलं ते कप्प्यात ठेवण्यासाठी, चार वर्षं दाबत आले तसं. दहा मिनिटांत तो जिना उतरून माझ्या टेबलाशी आला. हातात दुरुस्तीची सुई तशीच होती.

“गुन्व्होर, उद्या दोनला आपण काय बोलणार आहोत?”

मी म्हटलं, “अरे, ठरलेलं काही नाही. बोलणंच तर आहे.”

त्याने फोन माझ्यासमोर धरला. “मग हे काय आहे?”

“मसुदा आहे तो. नमुना. चुकून गेला.”

“नमुन्याखाली तू सही करतेस?”

मंगळवारी तो बैठकीला आलाच नाही. त्याने युनियनला कळवलं. आमच्या स्टाइनरने, म्हणजे डायरेक्टरने, तो मसुदाच होता असं लेखी उत्तर दिलं आणि नवी बैठक ठरवायला घेतली. ते त्यांचं ते बघून घेतील. मला ओडलाइव्हची काळजी आहे. माझ्या दारावरून जाताना तो आता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जातो. एकतीस वर्षांत मी त्याला फसवलं नाही, हे त्याला पटलं पाहिजे, आणि माझ्या तोंडच्या शब्दाने ते आता पटणार नाही.

म्हणून तू मला तुमच्या कंपनीचा दाखला दे: बटण कोणालाही न सांगता काढलं, आणि पत्र पाठवणारीचा ते पाठवायचा हेतू नव्हता. दोन ओळी, शिक्का, सही. मी तो त्याच्या हातात देईन. तुला बाकी काही करायचं नाही.

मावशी


ट्रॉन्डहाइम, १५ मार्च

प्रिय मावशी,

वाचून वाईट वाटलं. ओडलाइव्ह मला चांगला आठवतो.

दाखला देण्यासाठी मला ते पत्र त्याच्याकडे पोचलं तसंच्या तसं लागेल. प्रत्येक ईमेलच्या पोटात काही ओळी असतात, ज्या वाचणाऱ्याला दिसत नाहीत: कधी तयार झालं, कुठल्या आवृत्तीत, कुठल्या वाटेने गेलं. ओडलाइव्हला म्हणावं, ते पत्र उघडून ‘फाइल म्हणून जतन करा’ दाबायचं आणि ती फाइल मला पाठवायची. नुसतं पुढे ढकललं तर त्या ओळी पुसल्या जातात.

हे अविश्वासापोटी मागत नाही. न पाहिलेल्या गोष्टीखाली मी सही करत नाही, एवढंच.

तिरिल


मोलॉय, २४ मार्च

तिरिल,

फाइल तुला मिळाली असेल. मी मागितली तर त्याने काही न विचारता पाठवली. “तुझी भाची बघणार असेल तर बघू दे,” एवढंच म्हणाला.

आता दुसरं.

मंगळवारी मी तुमच्या मदतीच्या फोनवर पुन्हा बोलले. तेच गृहस्थ. बोलता बोलता मी म्हटलं, की माझी भाची तुमच्याकडेच आहे. नाव ऐकून ते खुशीत आले. “तिरिल? मग तुम्ही मला कशाला विचारता? बटण त्यांनीच तर काढलं! ऑक्टोबरमध्ये ऑस्लोला त्यांचं भाषण झालं त्यावर. बघा, फार छान बोलल्या.”

मी बघितलं, तीन वेळा. निळा कोट तुला शोभतो. तुझ्या मागे भिंतभर मोठा आकडा. “अकरा हजार ऑफिसं, तीन महिने. आणि या बटणावर एकूण दाब पडले: एकेचाळीस.” लोक हसले. मग तू म्हणालीस, “हे एकेचाळीस जण मला भेटले तर मी त्यांना कॉफी पाजेन.” लोक आणखी हसले. तूही हसलीस, तुझ्या आईसारखी, ओठ न उघडता.

मी त्या एकेचाळिसांतली नाही, तिरिल. तीन महिन्यांत मी ते बटण एकदाही दाबलं नाही, कारण ते चालूच होतं! ज्याला त्याची गरज असते, तो ते एकदा चालू करतो आणि विसरतो. घराला पाया आहे म्हणून रोज कोणी तळघरात उतरून तो चाचपत बसत नाही. हे स्टाइनरला कळलं नसतं, तुमच्या फोनवरच्या त्या आनंदी माणसाला कळलं नसतं. तुला कळत होतं. माझ्या टेबलाशी महिनाभर बसली होतीस. माझ्या यंत्रावर ते चालू करणारं बोट तुझं होतं.

आणि मला लिहिलंस काय, तर “निर्णय कंपनीचा आहे.”

दाखला लवकर पाठव. फोन करू नकोस, उचलणार नाही. लिहायचं असेल तर लिही.

गुन्व्होर मावशी


ट्रॉन्डहाइम, २९ मार्च

प्रिय मावशी,

बटण काढायचं, हे मी सुचवलं. मोजणी माझी, भाषण माझं. “निर्णय कंपनीचा आहे” हे वाक्य खोटं नव्हतं. अखेरची सही माझी नसते. पण ते वाक्य मी निवडून लिहिलं होतं. दहा खऱ्या वाक्यांतून तुला सगळ्यात कमी सांगणारं एक निवडलं.

मोजणीतली चूक मला सप्टेंबरमध्ये दिसली. दाब मोजणं वेगळं आणि किती ठिकाणी बटण चालू आहे हे मोजणं वेगळं. दुसरी मोजणी करायला आणखी सहा आठवडे लागले असते. भाषणाची तारीख छापून झाली होती. तुझं टेबल मला आठवलं, अगदी त्यावरच्या पिवळ्या पेल्यासकट. मी स्वतःशी म्हटलं, एका मावशीवरून अकरा हजार ऑफिसांचा अंदाज बांधता येत नाही. शास्त्र म्हणून ते बरोबर होतं. मी ते शास्त्रासाठी म्हटलं नव्हतं.

आता फाइलबद्दल.

पत्र तयार झालं गुरुवारी, २३ फेब्रुवारीला, १६ वाजून १२ मिनिटांनी, जुन्या आवृत्तीत. सोमवारी नव्या आवृत्तीत उघडलं गेलं, एक स्वल्पविराम बदलला आणि पाठवलं. नव्या आवृत्तीने बटण काढलं, पण जुन्या पत्रातल्या खुणा पुसल्या नाहीत. तीही आमचीच हयगय. म्हणून त्यात एक ओळ शिल्लक आहे: सोडण्याची वेळ, मंगळवार, २८ फेब्रुवारी, १५:३०.

बैठक दोनला होती.

मावशी, मसुद्याला कोणी सुटायची वेळ देत नाही. बटण जागेवर असतं, तर ओडलाइव्ह दोनला आला असता, तासभर बोलला असता, तुम्ही मान डोलावली असती, आणि साडेतीनला ते पत्र आपोआप त्याच्याकडे गेलं असतं. त्याला वाटलं असतं, की त्याचं ऐकून घेतलं आणि मग ठरवलं.

मी दाखला देईन. बटण न सांगता काढलं हे त्यात असेल, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून, तेही. पण तयार झाल्याची वेळ आणि सोडण्याची वेळही असेल. अर्धा दाखला मी देणार नाही. हवा आहे का, ते कळव.

तिरिल


मोलॉय, १२ एप्रिल

तिरिल,

ईस्टरची सुट्टी संपायची वाट पाहत होते. तुझं पत्र चार दिवस स्वयंपाकघरात उभं करून ठेवलं होतं, ब्रेडच्या डब्याला टेकवून. येता-जाता बघायचे.

हो. पत्र आधीच लिहिलेलं होतं. मी नेहमीच आधी लिहिते. किनाऱ्यावरच्या कुठल्याही कारखान्यात विचार, तिथेही तसंच करतात; कोणी कबूल करणार नाही, एवढंच. आणि का करतात, तेही ऐक. पूर्वी बैठकीनंतर पत्र तयार व्हायला आठवडा लागायचा. तो आठवडा माणूस रात्रंदिवस तळमळत काढायचा. टोरबोर्गचा नवरा, आमच्याच कारखान्यातला, त्या आठवड्यात कामावर आपल्या पायांनी आला तो खाटेवरून दवाखान्यात गेला. तेव्हा मी ठरवलं, की कोणाला ताटकळत ठेवायचं नाही. दीड तास पुरे. तुला ते कपट वाटतं. मी त्याला कनवाळूपणा समजत आले.

पण हे ओडलाइव्हला कसं सांगू? त्याला एवढंच दिसेल, की गुरुवारी माझ्या हाताने ठरलेलं होतं.

युनियनच्या बाई येणार आहेत, आणि नवी बैठक शुक्रवारी, २१ तारखेला आहे. स्टाइनर मला विचारणार, तो मसुदा होता का. मी हो म्हणायचं, असं आमचं ठरलं आहे. तुझ्या दाखल्यात बटणाचं असू दे, तुझ्या भाषणाचं हवं तर नसू दे, मला तुझी फजिती करायची नाही. फक्त ती वेळांची ओळ गाळ.

तू मला अकरा हजारांतून गाळलंस ना? मग माझ्यासाठी एक ओळ गाळ.

मावशी


मोलॉय, १४ एप्रिल

तिरिल,

मी ओडलाइव्ह. फार लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घे.

गुन्व्होर म्हणते, की तुझ्याकडून दाखला येणार आहे. मला दाखला नको. नोकरीचं युनियन बघेल. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला जाळी शिवण्याशिवाय काय येतं हा प्रश्न आहेच, पण तो तुझा नाही.

मला एकच गोष्ट विचारायची आहे. २६ फेब्रुवारीला, रविवारी, ती माझ्याकडे जेवायला आली होती. मी कॉड मासा केला होता, कलेजीसकट, तिला आवडतो तसा. जेवताना मी तिला सरळ विचारलं, “माझं काही ठरलंय का? असेल तर आत्ता सांग, मी उद्या कोणाला बोलणार नाही.” ती म्हणाली, “ओडलाइव्ह, ठरलं असतं तर मी तुझ्याकडे बसून जेवले असते का?” आणि तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

ते पत्र त्या जेवणाआधी लिहिलं की नंतर? तुला त्या फाइलीत वेळ दिसते, असं तिनेच मला सांगितलं. रागाच्या भरात आपण काय सांगतो, ते तिच्या लक्षात आलं नसावं.

आधी की नंतर, एवढंच लिही.

ओडलाइव्ह


ट्रॉन्डहाइम, १८ एप्रिल

प्रिय ओडलाइव्ह,

आधी. गुरुवारी, २३ फेब्रुवारीला, चार वाजून बारा मिनिटांनी. ते तुम्हाला मंगळवारी साडेतीनला मिळावं, अशी वेळ त्यात घातलेली होती.

ते आधी पोचलं, कारण पत्र रोखून धरणारं बटण कंपनीने माझ्या सांगण्यावरून काढलं. माझी मोजणी चुकीची होती, आणि ती चुकीची आहे हे मला माहीत होतं. मावशीने हेही तुम्हाला सांगितलं नसेल. मला वाचवण्यासाठी तिने ते टाळलं असावं.

हा कागद तुम्ही कोणालाही दाखवू शकता. खाली सही करते.

तिरिल


ट्रॉन्डहाइम, १९ एप्रिल

प्रिय मावशी,

ओडलाइव्हने मला एक प्रश्न विचारला आणि काल मी त्याचं उत्तर पोस्टात टाकलं. पत्र त्याच्याकडच्या रविवारच्या जेवणाआधी लिहिलं होतं की नंतर, असा प्रश्न होता. मी खरं ते लिहिलं, दोन्ही वेळा दिल्या. माझ्याबद्दलही लिहिलं.

हे तुला कालच कळवायला हवं होतं. काल चार वेळा लिहून फाडलं. फोन दोनदा केला. तू उचलला नाहीस, आणि उचलणार नाही असं तू म्हणाली होतीसच. ऑफिसच्या ईमेलवर हे लिहिणं मला बरोबर वाटलं नाही, कारण तिथलं स्टाइनर वाचू शकतो.

जेवणाचं तू मला एका शब्दाने सांगितलं नव्हतंस. गाळलेल्या ओळी मोजायच्या, तर ती सगळ्यात मोठी.

शुक्रवारी बैठकीला जाण्याआधी हे तुला मिळेल, असं धरून चालते. ओडलाइव्हला सगळं माहीत आहे. स्टाइनरने काहीही विचारलं तरी खरं सांग. आता खोटं सांगून कोणी वाचणार नाही, तू तर नाहीच.

तिरिल


मोलॉय, २४ एप्रिल

तिरिल,

तुझं पत्र आज, सोमवारी, अकरा वाजता आलं. इथे टपाल दिवसाआड येतं, हे तू विसरलीस का? गेल्या आठवड्यात मंगळवार आणि गुरुवार. ओडलाइव्हचं पाकीट गुरुवारी आलं. माझ्या पाकिटावर बुधवारचा शिक्का आहे. ते गुरुवारच्या गाडीला चुकलं.

शुक्रवारी काय झालं ते लिहिते. तुला सगळं जसंच्या तसं लागतं, म्हणून जसंच्या तसं.

खोलीत चौघं होतो: स्टाइनर, युनियनच्या बाई, ओडलाइव्ह आणि मी. ओडलाइव्हने पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. स्टाइनर म्हणाला, “गुन्व्होर, तो नमुना होता ना? एवढं नोंदवू आणि पुढे जाऊ.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात ओडलाइव्ह म्हणाला, “थांब स्टाइनर. तिला मी विचारतो.”

तो माझ्याकडे वळला. आवाज मऊ होता. फेब्रुवारीनंतर तो माझ्याशी तसा बोलला नव्हता.

“गुन्व्होर, रविवारी तू माझ्याकडे जेवायला आलीस, तेव्हा ते लिहिलेलं होतं का?”

मी म्हटलं, “नाही. सोमवारी सकाळी लिहिलं, नमुना म्हणून.”

“नक्की?”

“नक्की.”

त्याने किटली घेऊन माझ्या पेल्यात कॉफी ओतली आणि पेला माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं, त्याला पटलं. खरं सांगते, मला इतकं हलकं वाटलं, की मी त्याच्याकडे बघून हसले. मग त्याने शर्टाच्या खिशातून तुझा कागद काढला, घडी उलगडली आणि माझ्या हातात दिला. “तुझा आवाज चांगला आहे,” म्हणाला. “तूच वाच.”

मी मोठ्याने वाचलं, सहीपर्यंत.

स्टाइनर काहीतरी बोलायला लागला. युनियनच्या बाईंनी त्याला हाताने थांबवलं. ओडलाइव्ह उठला, कोट घातला. दारातून म्हणाला, “आधी सांगितलं असतंस, तरी तो कॉड मी तुलाच वाढला असता.”

नोटीस मागे घेतली आहे. चौघांचीही. वरचा मजला निदान पुढच्या वर्षापर्यंत चालणार. माणसांच्या पत्रांना मी यापुढे हात लावायचा नाही, असं स्टाइनरने आज सकाळी सांगितलं. जूनअखेर मला निरोप देतील, केक आणतील. मसुदा म्हणायचं हे त्यानेही ठरवलं होतं, ते तो विसरला आहे.

ओडलाइव्हची नोकरी राहिली. मला त्याचा आनंद आहे, आणि तो तुझ्यामुळे आहे, हेही मान्य करते. तो जिन्यात भेटला तर मान लववतो, मीटर वाचायला आलेल्या माणसाला लववावी तशी.

तू जे लिहिलंस त्यात एक अक्षरही खोटं नाही. मी शोधलं. रागावण्यासाठी एखादी चूक सापडावी म्हणून तुझा कागद मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा वाचते आणि सापडत नाही. सापडतो तो फक्त तो एक दिवस. मंगळवारी त्याला लिहिताना तुझा हात थांबला नाही. मला लिहिताना थांबला. तुझ्यासाठी त्याला परका म्हणायचं आणि मला आपलं, तर हे उलटं झालं. किंवा झालं तेच बरोबर असेल. परक्याला खरं सांगायला सोपं जातं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

जूनमध्ये तुझ्या आईची साठी आहे. मी येणार. तिला यातलं काही कळायला नको. मी सांगणार नाही, तूही सांगू नकोस. फोटोच्या वेळी आपल्या दोघींना शेजारी उभं करतील, उंची सारखी आहे म्हणून. उभी राहीन. खांद्यावर हात ठेव म्हणाले, तर तेवढं मात्र मला जमणार नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवते. कोणी विचारायच्या आत तू दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहा.

गुन्व्होर